पांढरी मुळं

१

भीमाचं प्रेत सापडलं ते नागणपल्लीतल्या सगळ्यात स्वच्छ पाण्यात.

बिलोली तालुक्याच्या पार टोकाला, तेलंगणाच्या हद्दीला लागून हे गाव आहे. पूर्वी गावाचं सगळं सांडपाणी उघड्या नालीतून खालच्या वस्तीत उतरायचं आणि तिथल्या हातपंपात मुरायचं. वस्तीतल्या पोरांना दरसाल कावीळ व्हायची, एकदोन दगावायची. मग लातूरच्या एका संस्थेनं ओढ्याकाठी वाफे बांधले. गावाची घाण आधी एका झाकलेल्या हौदात यायची, तिथं गाळ खाली बसायचा. वरचं पाणी एकामागे एक अशा तीन वाफ्यांतून पुढं सरकायचं. वाफ्यांत खडी, आणि खडीत पाणकणीस नि कर्दळ माणसाच्या डोक्यावर गेलेली. तिसऱ्या वाफ्यातून पाणी उघड्या तळ्यात उतरायचं तेव्हा त्याला ना रंग असायचा ना वास. तळ्यावर टिकलीएवढ्या हिरव्या पानांची साय पसरलेली असायची आणि तिच्याखाली बेडकं, मासे मजेत असायचे.

भीमा या वाफ्यांचा राखणदार. बाजाराच्या दिवशी दुपारी जेवून घरातून निघाला तो परतलाच नाही. कधीमधी तो वाफ्यांजवळच्या खोपीतच झोपायचा, म्हणून बायकोनं, सरजाबाईनं, वाट पाहिली. सकाळी ती भाकरी घेऊन गेली, तर तो तळ्यात पालथा तरंगत होता.

सहायक पोलीस निरीक्षक बुद्धप्रिया सोनकांबळे पोचली तेव्हा निम्मं गाव काठावर जमलं होतं. हवालदार भागवतनं आणि आणखी दोघांनी भीमाला बाहेर काढून गवतावर ठेवलं होतं.

"पिऊन पडला असंल," पाणी समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले. पांढराशुभ्र पोशाख, हातात दोन मोबाइल. "गरीब माणूस, मॅडम. लवकर आटपा. सोमवारी दिल्लीची समिती यायची हाय वाफे बघाया."

"माझा मालक पीत न्हाई," सरजाबाई म्हणाली. ती रडत नव्हती. भीमाचा उजवा हात धरून बसली होती आणि मनगटातलं कडं अंगठ्यानं घासत होती. "ताई, हे बगा. काल सकाळी म्या हे दंतमंजन लावून घासलं. आज धर्माबादला भाचीचं लगीन, म्हून. चांदी निसती लखलख करून राहिली व्हती."

कडं काळं ठिक्कर पडलं होतं.

बुद्धप्रिया वाकली. तळ्यात उतरलेल्या पोलिसांच्या पायांना, पँटींना ती हिरवी टिकल्यांची पानं चिकटली होती. भीमाच्या सदऱ्यालाही चिकटली होती. तिनं हातमोजा घालून त्याचे ओठ विलग केले. जिभेवर, दातांत, घशाशी एकही पान नव्हतं. पाणी तरी केवढं? गुडघाभर. काठाच्या सिमेंटवरची शेवाळाची रेघ मात्र कमरेइतक्या उंचीवर होती. इतकं पाणी एकाएकी उतरलं कुठं?

मग तिनं मृताचं डोकं हलकेच वळवलं आणि कानात डोकावून पाहिलं. रुमालाचं टोक कानात फिरवून बाहेर काढलं, नाकाशी नेलं आणि झटकन मागं घेतलं. सडलेल्या अंड्याचा उग्र दर्प.

नितळ पाण्यात बुडालेल्या माणसाच्या कानात काळा गाळ भरलेला होता.

२

वाफे बांधणारा इंजिनियर सुदर्शन खोपीच्या पायरीवर बसला होता. तिशीचा, सडपातळ, डोळे सुजलेले. शिकत होता त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. घागरी घेऊन रांगेत उभ्या आईकडे बघताना त्यानं ठरवलं होतं म्हणे, की आयुष्यभर पाण्याचंच काम करायचं. गावात त्याला सगळे मानत. खालच्या वस्तीत तर जास्तच, कारण पोरांची कावीळ त्यानं थांबवली होती.

"भीमा नसता तर हे उभं राहिलं नसतं, मॅडम," तो म्हणाला. "मी कागदावर आखलं. वाढवलं त्यानं."

"झाकलेला हौद शेवटचा कधी उघडला?"

"पावसाळ्याआधी. गाळ ओढायला पंपाचा टँकर येतो. माणूस आत उतरवायचा प्रश्नच नाही. कुणाला घाणीत उतरावं लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"आणि उतरला कुणी तर?"

"आत उजेड नाही, वारा नाही. तिथले जंतू हवेशिवाय जगणारे. ते गाळ कुजवतात आणि त्यातून विषारी वायू सुटतो. गाळ ढवळला की एकदम सुटतो. दोन श्वासांत माणूस आडवा."

"तळ्यात होतो का असा वायू?"

"तळ्यात?" त्या दुःखातही त्याचा आवाज जरा उजळला. "तिथवर पोचेतो पाण्यात कुजायला काही उरतच नाही. या, दाखवतो."

तो तिला दुसऱ्या वाफ्यावर घेऊन गेला. खडीत हात घालून त्यानं कर्दळीचा एक कंद मुळांसकट उपसला. मुळं पांढरीशुभ्र होती, आणि त्यांच्यावर फिकट तपकिरी, बुळबुळीत असा पातळ थर होता.

"लोक म्हणतात, झाडं पाणी साफ करतात. एकटं झाड काही करत नाही. हा थर बघा. हे सगळे जिवंत जंतू आहेत. झाड पानांतून हवा घेतं, पोकळ दांड्यातून खाली नेतं, मुळांतून थोडीथोडी पाण्यात सोडतं. त्या हवेवर हे जगतात आणि घाण खातात. त्यांनी फोडलेली घाण मग झाडाचं खत होते. दोघांनी मिळून चालवलेला संसार आहे हा. फार नाजूक. हा थर एकदा मेला की पुन्हा बसायला महिनोन्‌महिने जातात."

बोलता बोलता त्यानं कंद परत खडीत लावला आणि भोवतीची खडी बोटांनी हळुवार दाबली.

बुद्धप्रियाचं लक्ष मात्र पहिल्या वाफ्याकडे गेलं होतं. तो काठोकाठ भरला होता, काळ्याकुट्ट पाण्यानं. झाडांची पानं माना टाकून होती. पहिल्या आणि दुसऱ्या वाफ्याच्या मधल्या भिंतीत लोखंडी झडप होती, वर फिरवायचं चाक. झडप बंद होती. म्हणूनच पुढचे वाफे आणि तळं आटत चालले होते.

"हे कुणी बंद केलं?"

"भीमानंच केलं असणार," सुदर्शन पटकन म्हणाला. "पहिल्या वाफ्यात कुणीतरी टँकर रिकामा केलाय. वाईट वाटतं बोलायला, पण संगप्पा. हॉटेलांच्या संडासांचा मैला ओढतो आणि फुकटात ओतायला जागा शोधतो. भीमानं त्याला दोनदा हाकललं होतं."

भागवत पुढं झाला. "खरं हाय, मॅडम. काल बाजारात समद्यांदेखत वरडला तो. म्हणला, भीम्या, तुला तुज्याच घाणीत बुडवतो."

"कुठाय संगप्पा?"

"घराला कुलूप. रात्रीच पसार झालाय."

३

बिलोलीच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर हात पुसत बाहेर आले.

"बुडूनच मेला. फुप्फुसं भरलेली आहेत."

"कशानं?"

"पाण्यानं नाही. काळ्या गाळानं. दारूचा मागमूस नाही. आणि दोन्ही काखांत लोखंडी आकड्यानं ओढल्यासारख्या खुणा आहेत. पण तिथं रक्त साकळलेलं नाही. म्हणजे ओढला तेव्हा तो मेलेला होता."

वाफ्यांवर लांब दांड्याचा एक आकडा असायचा, पाण्यात पडलेला पालापाचोळा ओढायला. कापलेलं पाणकणीस वाहून न्यायला हातगाडा होता. म्हणजे भीमा गाळात मेला आणि कुणीतरी त्याला आकड्यानं वर ओढून, गाड्यावर घालून, तळ्यात आणून धुतलं होतं. इतकं सगळं बुद्धप्रियाला दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना उलगडलं. कुठल्या गाळात, हे मात्र उरलं. टँकरच्या, की हौदाच्या?

गावानं उत्तर आधीच ठरवून टाकलं होतं. ती परतली तेव्हा संगप्पाचा टँकर वेशीत धडाधड पेटलेला होता. वस्तीतली पोरं आणि गावातली पोरं, एरवी एका पारावर न बसणारी, आज एकत्र दगड घेऊन उभी होती.

"सापडू द्या त्याला," एकजण म्हणाला. "कोर्टाची गरज पडायची न्हाई."

आग विझली तेव्हा बुद्धप्रिया त्या सांगाड्याभोवती फिरली. टाकी होती, टायरांच्या जळक्या तारा होत्या. टाकीच्या मागं, जिथं गाळ ओढायचा नि फेकायचा पंप बसतो, तिथं नुसतेच चार बोल्ट वर आले होते. पंप जळाला नव्हता. पंप तिथं नव्हताच.

त्याच संध्याकाळी देगलूरच्या एका गॅरेजात संगप्पा मिळाला. पंप त्याच्यासमोर खोलून पडला होता, बाजाराच्या आधीपासून. मिस्त्रीनं तसं सांगितलं, शेजारच्या चहावाल्यानंही सांगितलं.

"बाजारात बोललो ते रागात बोललो, मॅडम," संगप्पा म्हणाला. "इथं पंपासाठी आलतो. गाडी पेटवली म्हून कळलं, मंग घरी कसा जाऊ? मारून टाकतील की वो."

"पंप नाही तर त्या वाफ्यात तू काही ओतूच शकत नव्हतास."

"कसं वतनार? मलाच बोलावलं व्हतं त्या दिवशी. हौद तुंबलाय, गाडी घेऊन ये म्हून. म्या म्हणलं, पंप खोललाय, दोन दिस तरी जमायचं न्हाई."

बुद्धप्रिया थांबली. पावसाळ्यापासून उघडलेला नव्हता म्हणे तो हौद.

"फोन कुणाचा होता?"

संगप्पानं आधी भागवतकडं पाहिलं, मग खाली मान घातली.

"आप्पासाहेबांचा."

४

आप्पासाहेबांनी चहा मागवला. बुद्धप्रियानं घेतला नाही.

"एक इचारू का, मॅडम?" ते म्हणाले. "राग मानू नका. तुमच्या समाजाचा माणूस हाय म्हून इतकं खोलात जाऊन राहिलात का?"

"माणूस मेलाय म्हणून जातेय. तुम्ही संगप्पाला फोन का केला होता?"

त्यांचा चेहरा पडला. दोन्ही मोबाइल त्यांनी गादीवर उपडे ठेवले.

"हौद तुंबला व्हता. फुडं पाणीच जाईना. तळं आटून राहिलं, आन्‌ सोमवारी दिल्लीची मान्सं. सुदर्शननं मला टँकरचं सांगितलं, म्या फोन लावला. संगप्पा न्हाई म्हणला. तसं सुदर्शनला सांगून म्या बाजाराला गेलो."

"लवकर परत आलात. दोघांनी पाहिलंय."

"आलो की. पर वाफ्याकडं गेलो न्हाई. आईशप्पथ."

"सकाळी दारूचं का बोललात?"

"मला वाटलं हौदातच काहीतरी झालं असंल," ते हळू आवाजात म्हणाले. "माणूस हौदात मेला म्हणलं की कायदा लई कडक हाय. उतरवणारा थेट जेलात. गावाचं नाव जाईल. तळ्यात बुडाला म्हणलं तर..."

म्हणजे हौद तुंबल्याचं दोघांना ठाऊक होतं, टँकर येणार नाही हेही दोघांना ठाऊक होतं. दोघांनाही दिल्लीच्या पाहुण्यांना वाहतं पाणी दाखवायचं होतं. आणि दोघंही तिच्याशी खोटं बोलले होते. भीमाला हौदावर चढवणारा या दोघांतला एक होता.

उठताना ती सहज विचारल्यासारखं बोलली. "त्या वाफ्याच्या भिंतीवरचं चाक कशाचं आहे?"

"ते? काय की बा. आमाला हात लावू देत न्हाई. एकदा म्या उगं फिरवून बगितलं तर सुदर्शन केवढा बिघडला माझ्यावर. म्हणला, आप्पासाहेब, आतलं समदं मारून टाकाल."

बुद्धप्रिया दारातच उभी राहिली. मग जीपमध्ये बसून भागवतला म्हणाली, "विष्णुपुरीला घे."

५

विष्णुपुरीला, धरणाच्या अलीकडे, शिवकांता नावाच्या निवृत्त प्राध्यापिका राहत. सांडपाण्याच्या जंतूंवर त्यांनी उभं आयुष्य घालवलं होतं. बुद्धप्रियानं त्यांच्यापुढं दोन बरण्या ठेवल्या. एकीत पहिल्या वाफ्यातलं कर्दळीचं मूळ, दुसरीत दुसऱ्यातलं.

पहिलं मूळ काळं, गळगळीत झालं होतं. बाईंनी त्याचा कण काचपट्टीवर घेतला, सूक्ष्मदर्शकात पाहिलं आणि मान हलवली. "गुदमरून मेलेत. हौदाचा गाळ एकदम अंगावर आला की असं होतं. मुळं हवा सोडतात ती चमच्यानं, आणि गाळ ती बादलीनं खातो. जंतू जातात, मग मुळं कुजतात."

"आणि दुसरं?"

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "धडधाकट आहे. या वाफ्यात गाळाचा एक घोटसुद्धा गेलेला नाही. गेला असता तर आत्तापर्यंत हेही काळं पडलं असतं."

"मधली झडप बंद होती. एरवी ती कायम उघडी असते."

"मग कुणीतरी शहाणपणानं बंद केली. पहिला वाफा गेला तरी पुढचे दोन वाचले. जाणकाराचं काम."

बुद्धप्रिया त्या पांढऱ्या मुळाकडे बघत राहिली. भीमा हौदात असताना तुंबलेलं पाणी सुटलं होतं. त्यानंतर भीमा जिवंत बाहेर आलेला नव्हता, तेव्हा झडप त्यानं लावलेली नव्हती. ती लावली दुसऱ्या कुणीतरी, जंतूंची किंमत ठाऊक असलेल्या माणसानं. तो माणूस कोण, हे आता उघड होतं. पण तिच्या मनात त्याहून वाईट प्रश्न उभा राहिला होता.

कधी लावली?

दुसऱ्या दिवशी तिनं बिलोलीहून अग्निशमनचा बंब मागवला. तिसरा वाफा पहिल्याच्याच मापाचा, त्याच उताराचा, आणि आता वरून सुकलेला होता. बंबाचं पाणी तिनं त्याच्या तोंडाशी एकदम सोडायला लावलं. खडीवर वर्षानुवर्षांची माती बसून घट्ट थर झाला होता, त्यामुळं पाणी वरच्या वर धावलं. बुद्धप्रिया काठावरून त्याच्यासोबत निघाली. पाण्याला गाठायला तिला पळावं लागलं.

मग ती झडपेशी आली. भागवतनं मागच्या बाजूनं पंप लावून पहिल्या वाफ्यातलं काळं पाणी उपसलं होतं. तिनं गुडघे टेकून चाक जरासं फिरवलं. पातं वर उचललं गेलं. त्याच्याखाली, सिमेंटच्या उंबऱ्यावर, पातं टेकतं नेमक्या त्या जागी, काळ्या गाळाची एक रेघ चेपून वाळली होती. बोटभर रुंद. रेघेपलीकडे सिमेंट कोरं होतं.

भागवत तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाला, "काय झालं, मॅडम?"

"सुदर्शनला बोलाव," ती म्हणाली. "आणि सरजाबाईला आज इकडे येऊ देऊ नको."

६

ऊन कलायला लागलं होतं. सुदर्शन आला तो थेट दुसऱ्या वाफ्याकडे वळला आणि पाणी किती उतरलंय ते पाहू लागला.

"झडप उघडावी लागेल, मॅडम. आता नाही उघडली तर हेही सुकतील."

"आधी बसा."

तो काठावर बसला. ती उभीच राहिली.

"भीमा तळ्यात मेला नाही. त्याच्या घशात एक हिरवं पान नव्हतं, आणि कडं एका दिवसात काळं झालं. चांदी अशी काळवंडते ती हौदातल्या वायूनं. तुमच्या तळ्यात तो वायू नसतो, तुम्हीच सांगितलंत. तो हौदात मेला. हौद तुंबलेला तुम्हाला ठाऊक होतं, टँकर येणार नाही हेही ठाऊक होतं."

"आप्पासाहेबांनाही होतं," सुदर्शन म्हणाला.

"होतं. पण आप्पासाहेबांना ही झडप कशाला असते तेच माहीत नाही. त्यांच्यासमोर लोंढा सुटला असता तर त्यांनी वाहू दिला असता. पाहुण्यांना पाणी वाहताना दिसलं की त्यांचं काम झालं. पुढच्या वाफ्यातल्या जंतूंसाठी पाणी अडवायचं, हे या गावात एकाच माणसाला सुचेल."

सुदर्शननं मान खाली घातली. तो हातातली खडी या तळहातावरून त्या तळहातावर घेत होता.

"मी त्याला आत उतर म्हणालो नव्हतो," तो शेवटी बोलला. "शिडीवरून वाकून बांबूनं ढोस, एवढंच. तोही म्हणाला, करतो भाऊ. दोन दिवसांनी लोक येणार होते. ते बघून गेले असते तर असे वाफे पन्नास गावांत झाले असते. पन्नास गावांतली पोरं..."

"मग?"

"गाळाचा गठ्ठा सुटला. भीमा आत पडला. मी आकड्यानं ओढला, पण संपलं होतं. संध्याकाळपर्यंत पाणकणसाखाली झाकून ठेवला. अंधार पडताना तळ्यात नेला. मॅडम, मी मारलं नाही त्याला. मेल्यावर लपवला, तो माझा गुन्हा. ते मी कबूल करतो."

"आणि झडप?"

"ती नंतर लावली. भानावर आल्यावर."

"नाही," बुद्धप्रिया म्हणाली.

तिनं त्याला झडपेशी नेलं, चाक फिरवलं आणि पात्याखालची ती चेपलेली रेघ दाखवली.

"आज मी तिसऱ्या वाफ्यात पाणी सोडून पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत ते पळत जातं. मला त्याच्याबरोबर पळावं लागलं. तुमचा लोंढा इथं पोचला आणि तेवढ्यात पातं खाली आलं. बोटभर गाळ पात्याखाली सापडला, पलीकडे थेंब गेला नाही. आधीच लावून ठेवली असती तर पात्याखाली कोरं असतं. भानावर आल्यावर लावली असती तर दुसरा वाफा काळा झाला असता. तुम्ही पाण्याबरोबर पळालात, सुदर्शन. म्हणजे गठ्ठा सुटला त्या क्षणी तुम्ही हौदाकडे पाठ केलीत."

वाफ्यातलं पाणकणीस वाऱ्यानं सळसळलं. सुदर्शनच्या हातातली खडी खाली पडली.

"त्यानं हाक मारली," तो म्हणाला. "‘सुदर्शनभाऊ’ म्हणून. मी वळून पाहिलं. तो शिडीला धरून होता. एका हातानं. मला वाटलं, चढेल. जवान माणूस. आणि पाणी तर सुटलंच होतं... मी विचार केला नाही, मॅडम. पाय आपोआप इकडे धावले. सात वर्षं मी हे वाफे लेकरासारखे..."



"आकडा कुठं होता?"

"हौदाच्या तोंडाशी. माझ्या पायाशीच."

भागवतनं त्याचा दंड धरला. जाता जाता सुदर्शन दुसऱ्या वाफ्यापाशी थबकला आणि अगदी हळू, जणू काही मागायचा हक्क आपल्याला उरला नाही हे उमगल्यासारखा म्हणाला, "पहिला वाफा धुतल्याशिवाय झडप उघडू नका. यांना सोसणार नाही."

७

संगप्पाला गावानं सांगितलं की झालं गेलं विसरून जा. टँकर पुन्हा कोण देणार, हे कुणी बोललं नाही. आप्पासाहेबांनी समितीचा राजीनामा दिला आणि पुरावा दडवल्याचा गुन्हा लागू नये म्हणून वकील गाठला. दिल्लीचे पाहुणे आलेच नाहीत. संस्थेचा दुसरा माणूस येईल असं लातूरहून कळवलं होतं, पण तो आला नाही तोवर वाफ्यांकडे फिरकायला कुणी तयार होईना. हौदातलं पाणी आता बाहेरून वाट काढत जुन्या नालीला लागलं होतं. खालच्या वस्तीत बुद्धप्रिया जीपमधून उतरली तेव्हा पहिल्यांदा तो वासच आला.

सरजाबाई दारात गहू निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बुद्धप्रियाला बसायला पोतं टाकलं. बुद्धप्रियानं सगळं सांगितलं. कोर्टात कळण्याआधी तिला कळावं, म्हणून काहीच वगळलं नाही. हाक सांगितली, शिडी सांगितली, आकडाही सांगितला.

गल्लीत दोन बायका हातपंपावर आल्या, हांड्यात पाणी उपसलं, वास घेतला आणि ओतून दिलं.

"सुदर्शनभाऊ आमच्यात जेवायचा," सरजाबाई म्हणाली. "माझ्या पोरीला कावीळ झालती तवा त्यानंच गाडीत घालून नांदेडला नेलं. चांगला माणूस हाय."

हातपंपावरच्या बायका रिकामे हांडे घेऊन परतल्या.

"मला एक सांगा, ताई. खरं सांगा. त्यानं आधी आकडा उचलला असता, तर ह्ये वाचले असते का?"

हाच प्रश्न बुद्धप्रियानं डॉक्टरांना विचारला होता. ते म्हणाले होते, वायू किती होता कुणाला ठाऊक, एखादा वाचतो, एखादा नाही. खोटं बोलणं सोपं होतं. नसता वाचला, दोन श्वासांतच संपलं होतं, एवढं म्हटलं असतं की या बाईला रात्री झोप लागली असती.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

सरजाबाईनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. गव्हातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"सांगता येत न्हाई," ती म्हणाली. "म्हंजे वाचले असते."